खालच्या थरातली बारा भोकं

सोमवारी सकाळी पलंगावर नवी गादी टाकताना दंतवैद्याची पाठ तळघराच्या भिंतीला लागली आणि शर्ट ओला झाला. आधी त्याला वाटलं, आपल्यालाच घाम आलाय. गादी जड होती, जिना अरुंद होता आणि तो काही हमाल नव्हता. पण हात मागे नेऊन पाहिला तर भिंत गार लागली, आणि तळव्याला रंगाचा पांढरा पापुद्रा चिकटून आला.

त्याने बायकोला हाक मारली नाही. पलंग हातभर पुढे ओढला, मग आणखी हातभर, आणि गादीवर बसून भिंतीकडे बघत राहिला. रविवारी सासरे येणार होते.

घर उतारावर होतं. रस्त्याच्या बाजूने दोन मजले दिसायचे. तिसरा, म्हणजे तळघर, मागच्या अंगणातूनच दिसायचा. तिथलं दार मात्र थेट अंगणात उघडायचं. न्यूमोनियाने महिनाभर इस्पितळात काढलेल्या, एक पायरी चढली की धाप लागणाऱ्या माणसाला आत यायला सगळ्या घरात हे एवढं एकच दार होतं. छातीच्या डॉक्टरांनी एक अट घातली होती: खोली कोरडी हवी, हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर नको. ते जमत नसेल तर शहराच्या दुसऱ्या टोकाला एक शुश्रूषागृह होतं, आणि तिथली खाट रविवारपर्यंत राखून ठेवली होती. हे ऐकल्यावर बायको एवढंच म्हणाली होती, "बाबा तिथे जाणार नाहीत." तिच्या आवाजाची ती पट्टी दंतवैद्याच्या ओळखीची होती. त्या पट्टीत ती बोलली की घरात चर्चा संपायची.

गंमत अशी, की ही भिंत सासऱ्यांनीच बांधली होती. सासरे गवंडी. चौदा वर्षांपूर्वी मुलगी-जावयाने ही जागा घेतली तेव्हा पोकळ सिमेंट ब्लॉकची ही चोवीस ब्लॉक लांबीची भिंत त्यांनी एकट्याने, स्वतःच्या हाताने उभी केली. "लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं राहिलं होतं, म्हणून भिंत दिली. घड्याळ बंद पडतं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

दंतवैद्याने आपल्या दवाखान्यातून दमटपणा मोजायचं छोटं यंत्र घरी आणलं. काटा एक्याऐंशीवर होता. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्याने ते अंगणात नेलं, स्वयंपाकघरात नेलं, परत खाली आणलं. एक्याऐंशी.

आता प्रश्न असा होता, की हे पाणी भिंतीतून येतंय की हवेतून. गार भिंतीवर दमट हवा बसली की भिंतीलाही घाम येतो. त्याचा उपाय पंखा. पाणी आतून येत असेल तर पंख्याने काही होणार नाही. त्याने डबा बांधायच्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा वीतभर चौकोन कापला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करून ओल्या जागी लावला. कागदाच्या बाहेर थेंब आले तर घाम, मागे आले तर गळती. दुसरा चौकोन त्याने समोरच्या कोरड्या भिंतीवर लावला, तुलनेसाठी. एवढं झाल्यावर त्याला जरा बरं वाटलं. पण दिवसभर खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडात आरसा धरला की त्याला त्या कागदाचीच आठवण यायची. दुपारी तो दोनदा घरी येऊन कागदाला हात न लावता नुसता बघून गेला.

मंगळवारी सकाळी कागद बाहेरून खडखडीत कोरडा होता. सोलून काढला, तर मागून थेंब ओघळले.

बायकोला सांगणं भाग पडलं. ती खाली आली, भिंतीला हात लावला, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "तीन दिवस आहेत."

"पाच."

"मला खोली आवरायला दोन लागतात."

बाहेर पावसाची उघडझाप चालू होती. दंतवैद्याने ओल्या भागावर टॉर्च तिरपा धरून पाहिलं, तर ब्लॉकच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेलेली केसाएवढी चीर दिसली. त्याला आनंदच झाला. चीर ही त्याच्या रोजच्या ओळखीतली गोष्ट. त्याने झटपट घट्ट होणारं सिमेंट आणलं, चीर छिन्नीने रुंद केली, ब्रशने धुतली, भरली, बोटाने घोटली. काम इतकं सुबक झालं, की त्याने चार पावलं मागे जाऊन ते दोनदा पाहिलं.

बुधवारी सकाळी पाणी दोन थर वर चढलं होतं आणि हातभर डावीकडून येत होतं. काटा त्र्याऐंशीवर.

"रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," बायको म्हणाली. "अहो डॉक्टर, पाणी येतंय कुठून ते तरी बघा."

ती त्याला एरवी डॉक्टर म्हणायची नाही. म्हणाली की समजायचं, पारा चढलाय.

कुठून ते बघायला दंतवैद्याकडे एक साधन होतं, जे गळतीवाल्या कुठल्याच माणसाकडे नसेल. दात नीट न घासणाऱ्यांच्या दातांवरचा थर उघडा पाडणारा एक गडद लाल रंग असतो. पेशंटने चूळ भरली की लबाडी तेवढी लाल राहते. त्या रंगाची अख्खी बाटली त्याने बादलीत ओतली आणि बादली मागच्या अंगणात, उताराची माती या भिंतीला टेकते त्या बाजूला, छपराच्या पन्हळीचा पाइप उतरतो तिथे रिकामी केली. मग खाली येऊन, पहिल्या दोन पेशंटना उशिरा यायला सांगून, स्टुलावर बसला. उठला. पुन्हा बसला. बायको भाजी चिरायला घेऊन तिथेच आली. दोन तास वीस मिनिटांनी, बुजवलेल्या चिरेच्या वर, एक गुलाबी थेंब फुगला आणि खाली घरंगळला.

मग बायकोने सुरी खाली ठेवली.

"पाइपच्या तळाचा एल्बो, पाणी लांब वळवणारा तो तुकडा, मी काढला होता," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. फुलझाडांच्या वाफ्याला पाणी आपोआप मिळेल म्हणून."

अख्ख्या छपराचं पाणी वर्षभर भिंतीच्या पायाशी ओतलं जात होतं. वाफ्याची माती खचून उतार घराकडे झाला होता तो वेगळाच. दंतवैद्याला मोठ्याने हसू येणार होतं, पण त्याने ते गिळलं; लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर माणसाला एवढं शहाणपण येतं. त्या दुपारी बायको खुरपं आणि फावडं घेऊन भर पावसात अंगणात उतरली. तिने तिची फुलझाडं एकेक करून उपटली आणि बादलीत उभी केली. दोघांनी मिळून भिंतीलगत माती टाकली, ठोकली, बाहेरच्या बाजूला उतार दिला. पाइपला एल्बो लावला, पुढे बारा फुटांचा पाइप जोडला आणि पाणी पार कुंपणापाशी नेऊन सोडलं. संध्याकाळी दोघंही मातीत माखलेले, दमलेले, आणि बऱ्याच दिवसांनी एकमेकांवर खूश होते.

गुरुवारी काटा एकोणऐंशीवर. पाऊस थांबला होता, बाहेरून पाण्याचा थेंब भिंतीकडे जात नव्हता, आणि भिंत ओलीच. दंतवैद्याने यंत्राला टिचकी मारली. काटा हलला नाही. तो वर गेला, चहा न पिता खाली आला, परत वर गेला, आणि शेवटी ओळखीच्या रंगाऱ्याकडून ठोकताईचा नंबर मिळवला.

ठोकताई पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई होती. तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ती भिंती ठोकायची आणि त्यांच्या आवाजावरून सांगायची की दुखणं कुठे आहे. आल्या आल्या तिने पिशवीतून लाकडी मुठीची लहानशी हातोडी काढली आणि छातीच्या उंचीपासून ठोकत ठोकत खाली आली. वर आवाज रिकाम्या डब्यासारखा येत होता. गुडघ्याच्या खाली तो एकदम बसका झाला, भरलेल्या घागरीसारखा.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "ब्लॉक पोकळ असतात. वर्षभर आत गेलेलं पाणी गुडघाभर उभं आहे. तुम्ही बाहेरचा नळ बंद केलात, छान केलंत. पण घागर भरलेलीच आहे, ती रिकामी कोण करणार?"

तिने सांगितलेला उपाय सोपा होता. सगळ्यात खालच्या थरात, एक आड एक ब्लॉकला भोक पाडायचं, पाणी बाहेर काढायचं आणि भिंतीच्या पायाशी चर काढून ते दाराबाहेर न्यायचं. चर काढायचीही गरज नव्हती; दोन बोटं रुंद चर तिथे पहिल्यापासून होता. फरशी धुतल्यावर पाणी जायला असेल, असं घरातले सगळे धरून चालले होते. त्यावर फळ्या टाकलेल्या होत्या.

"चर आहे आणि भोकं नाहीत?" ठोकताई पुटपुटली. "नळ नाही आणि मोरी बांधली, तसं झालं." ती गुडघ्यांवर बसली आणि खालच्या थरावरून अंगठा फिरवू लागली. तिसऱ्या ब्लॉकपाशी अंगठा थांबला. नखाने तिने रंग खरवडला. खाली रुपयाएवढं पांढरं वर्तुळ होतं.

"हे बघा. भोक होतं. मूळ गवंड्याने ठेवलेलं, आत पाइपचा तुकडा पण आहे. नंतर कुणीतरी बुजवलंय." तिने पुढच्यापुढच्या ब्लॉकवर अंगठा फिरवला. "हेही. आणि हेही. काम मात्र काय सफाईचं आहे. कड लागत नाही बोटाला. पांढरं सिमेंट, घोटून, वर पॉलिश. कोण हा शहाणा?"

दंतवैद्याने वाकून त्या वर्तुळावर बोट फिरवलं.

अकरा वर्षांपूर्वीची एक रविवार दुपार त्याला लख्ख आठवली. पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे ठेवायला त्याने तळघरात कपाट आणलं होतं, आणि खालच्या थरातल्या भोकांतून मुंग्यांची रांग निघाली होती. भोकं. त्याने त्यांचा विचारसुद्धा केला नव्हता. दिवसाला सहा भोकं बुजवणाऱ्या माणसाला भोक दिसलं, त्याने साफ केलं, भरलं, घोटलं, रंग दिला, हात धुतले आणि जेवायला वर गेला. पुन्हा आठवण यावी असं त्यात काही नव्हतंच.

"काय माहीत," तो म्हणाला.

ठोकताईने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे पाहिलं. मग तिने ड्रिल लावलं.

पहिल्या भोकातून पाणी पिचकारीसारखं आलं, गुलाबी. फोनवर बोलणारी बायको आवाज ऐकून खाली धावली तेव्हा चार भोकं वाहत होती आणि चर भरून पाणी दाराबाहेर चाललं होतं. ती पायरीवरच थांबली.

"म्हणजे बाबांनी पाण्याला वाट ठेवलीच नव्हती," ती हळूच म्हणाली. "बाबांनी."

हीच वेळ होती. दंतवैद्याला ते कळत होतं. तोंड उघडायचं, एक वाक्य बोलायचं, बस. त्याने चरातल्या पाण्याकडे बघत फळ्या उचलून बाजूला रचायला सुरुवात केली.

अकरा भोकं उघडून झाल्यावर कोपऱ्यातलं साच्यांचं कपाट आडवं आलं. मागे एखादं असेल-नसेल, अकरा पुरेत, म्हणून ठोकताईने ड्रिल बंद केलं. निघताना अंगणात ती दंतवैद्याला म्हणाली, "मी भिंती ठोकते, डॉक्टर. संसार ठोकत नाही. पण बाईसाहेबांचा चेहरा बघितलात ना?"

शुक्रवारी काटा सत्तरवर आला, दुपारी अडुसष्टवर. दोन पंखे आणि एक हीटर चालू होता. खरं तर आनंदाचा दिवस. दंतवैद्याने त्या दिवशी एका पेशंटला दोनदा चूळ भरायला लावली आणि एकाला भूल देऊन झाल्यावर कुठला दात ते पुन्हा विचारलं. ड्रिलने निघालेल्या बुचांपैकी एक अख्खं निघालं होतं. ते त्याने का कोण जाणे खिशात ठेवलं होतं, आणि त्याचा हात सारखा तिकडे जात होता.

संध्याकाळी बायको वडिलांना भेटून आली. तिने भांडी घासायला घेतली, आणि भांड्यांच्या आवाजावरून त्याला कळलं की काहीतरी बिनसलंय.

तिने सांगितलं ते असं. बाबांना भिंतीचं काही सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण त्यांनी खोलीचं विचारलं, आणि तिला बापाशी खोटं बोलता येत नाही. थोडं पाणी आलं होतं, खाली भोकं पाडून काढलं, असं ती म्हणाली. त्यावर बाबा म्हणाले, मी ठेवली होती भोकं. मग म्हणाले, ठेवली होती ना? हल्ली त्यांना नर्सचं नाव आठवत नाही, सकाळी औषध घेतलं की नाही ते आठवत नाही. आता हे. "माझं डोकंच गेलंय," असं म्हणून त्यांनी नर्सला बोलावलं आणि शुश्रूषागृहाचा कागद मागून घेतला. मुलीच्या घरात डोकं गेलेला म्हातारा नको, म्हणाले.

"सही केली?"

"उद्या करतो म्हणाले. चष्मा सापडत नव्हता. मी उशीखाली सरकवला होता."

दंतवैद्याने तिला तेव्हाही सांगितलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर हातात टॉवेल घेऊन ताटं पुसत उभा होता. पण त्याचं एक मन म्हणत होतं, की हे आधी संन्याशाला कळायला हवं.

शनिवारी सकाळी काटा त्रेसष्टवर अडकला होता. त्याने तो पाहिला आणि तसाच सासऱ्यांकडे इस्पितळात गेला. सासरे उशांना टेकून बसले होते. चष्मा सापडलेला होता, कागद मांडीवर होता, पेन नर्सकडून यायचं होतं. महिन्याभरात त्यांचे खांदे अर्धे झाले होते. हात मात्र तेवढेच, रुंद आणि खडबडीत. काढलेला दात पेशंटला घरी न्यायला देतात ती प्लास्टिकची डबी दंतवैद्याने त्या कागदावर ठेवली.

सासऱ्यांनी डबी उघडली, आतलं बूच दोन बोटांत फिरवलं.

"पांढरं सिमेंट," ते म्हणाले. "घोटलेलं. कुणी केलं?"

"मी. अकरा वर्षांपूर्वी. मुंग्या येत होत्या."

सासरे ते बूच पुन्हा निरखू लागले. दंतवैद्य उभाच होता. त्याला बसावंसं वाटत होतं आणि पळावंसंही वाटत होतं.

"म्हणजे मी ठेवली होती."

"सगळी. प्रत्येकात पाइपचा तुकडा होता."

"एक आड एक."

"हो बाबा."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. छाती वरखाली झाली, आणि दंतवैद्य घाबरून पुढे झाला. पण ते हसत होते. हसता हसता खोकला आला, खोकल्यातून पुन्हा हसू.

"माझ्या मुलीला बघायला पहिल्यांदा आलात तेव्हाच मी म्हटलं होतं," ते धाप लागत म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण भोक दिसलं की त्याला राहवत नाही. तिला सांगितलंत?"

"नाही. आधी तुम्हाला."

"शहाणे आहात. लावा फोन. इथूनच सांगा, मला ऐकायचंय."

त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सांगितलं. एकदम, न थांबता, रूट कॅनालला आलेल्या माणसासारखं. मग बायकोचा आवाज आला, अगदी शांत.

"डॉक्टर, घरी या."

"येऊ दे त्याला, पण आधी ऐक," सासरे फोनकडे झुकून म्हणाले. "किती उघडली?"

"अकरा," बायको म्हणाली.

"बारा होती. चोवीस ब्लॉक, एक आड एक. माझं डोकं गेलेलं नाही, बारा होती. कोपऱ्यात बघा, भिंतीपासून दीड हातावर."

साच्यांचं कपाट हलवायला दुपार गेली. अकरा वर्षांतले चारशेवर प्लास्टरचे जबडे आधी काढून ठेवावे लागले. तळघरभर दात विचकून पसरले होते, आणि बायको त्यांच्यामधून वाट काढत एकेक उचलून ठेवत होती. एक जबडा हातात घेऊन ती म्हणाली, "यांना तरी विचारलं होतंस का, बुजवू का म्हणून?" एवढंच. पण त्यात ती त्याला 'तू' म्हणाली, आणि दंतवैद्याने सकाळपासून रोखलेला श्वास सोडला.

बारावं बूच दीड हातावरच होतं. ड्रिल लागलं, पाइपचा तुकडा खरखरला, आणि त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त साचलेलं पाणी बाहेर पडलं. अर्धा तास वाहत राहिलं, गुलाबी, मग फिकं, मग पाण्याच्या रंगाचं.

रविवारी पहाटेपासून दंतवैद्य सात वेळा खाली गेला. आठला काटा एकसष्टवर होता, दहाला साठवर. यंत्र त्याने टेबलावरून खुर्चीवर ठेवलं, खुर्चीवरून परत टेबलावर. साडेअकराला अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा काटा एकोणसाठवर होता, आणि तो हलेल या भीतीने दंतवैद्य श्वाससुद्धा हळू घेत होता.

चाकाच्या खुर्चीवरून सासरे मागच्या दाराने आत आले. त्यांनी खोली पाहिली नाही, पलंग पाहिला नाही, बादलीत उभ्या फुलझाडांकडेही पाहिलं नाही. खुर्ची त्यांनी भिंतीलगत न्यायला लावली आणि काठीच्या टोकाने एकेका भोकाला शिवत, ओठ हलवत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेले. बारावर काठी थांबली. मग त्यांनी चरातल्या शेवटच्या ओलीत टोक बुडवून पाहिलं.

"आणि आता मुंग्या आल्या तर?" त्यांनी विचारलं.

दंतवैद्याचा हात आपोआप खिशात गेला. बायको त्याच्या त्या हाताकडेच बघत होती. त्याने तो बाहेर काढला.

"येतील," तो म्हणाला.

"येतील तर. पण तारेची जाळी लावायची असते, जावईबापू. बारीक, चहाच्या गाळणीची असते तशी. मुंगी आत येत नाही, पाणी बाहेर जातं. विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "आता पलंग इकडे घ्या. या भिंतीला."

"बाबा, ती अजून पूर्ण वाळली नाही," बायको म्हणाली.

"मग हातभर लांब. पण इकडेच."

दंतवैद्याने पलंगाची एक बाजू धरली, बायकोने दुसरी. पलंग सरकवून झाल्यावर ती वर गेली आणि चहाची जुनी गाळणी आणि कात्री घेऊन आली, आणि दोन्ही त्याच्या हातात ठेवल्या.